बेअरिंग का गेलं?

[दृश्य: उद्यमनगरातली गल्ली. सकाळ. परतीच्या पावसाची भुरभुर. एक शटर वर जातं.]

कोल्हापूरचं उद्यमनगर आवाजानं जागं होतं. आधी एखादं शटर, मग लेथची घरघर, मग कुठंतरी ग्राइंडर. नवख्या माणसाला हा सगळा एकच गोंगाट वाटतो. ज्यांची हयात इथं गेली त्यांना त्यातला प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो, आणि कुठला आवाज आजारी आहे तेही कळतं.

आज या गॅरेजात एक सहाचाकी ट्रक आलाय, शिरोळ तालुक्यातला. हंगामात गुऱ्हाळावरचा गूळ मार्केट यार्डात आणायचा, एरवी खत आणि सिमेंट ओढायचं, हे त्याचं काम. दसरा तोंडावर आलाय. गुऱ्हाळं पेटायच्या आत गाडी रस्त्यावर हवी. मालकाची तक्रार एका वाक्याची आहे.

"मिस्त्री, गाडी उभी असली तरी गिअरबॉक्स रडतोय."

मिस्त्री पाना उचलत नाहीत. केबिनमध्ये चढतात, गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करतात आणि क्लचवरचा पाय काढून घेतात.

[आवाज: खालच्या पट्टीतली सलग घूं... मधूनच खरखर.]

आता क्लच दाबला. आवाज हळूहळू खाली उतरतो आणि थांबतो. पाय उचलला. आवाज परत आला.

झालं. निम्मी तपासणी इथंच झाली. क्लचवर पाय नसताना इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर खालचा ले-शाफ्ट. चाकांकडं जाणारा मेन शाफ्ट मात्र स्थिर असतो, कारण गाडी उभी आहे. क्लच दाबला की इनपुट आणि ले-शाफ्ट दोन्ही थांबतात. म्हणजे रडणारा माणूस या दोघांच्याच घरात आहे: हे शाफ्ट ज्यांच्यावर फिरतात त्या बेअरिंगांत, दोन रिंगा आणि त्यांच्यामध्ये पोलादी छर्रे किंवा रोलर असलेल्या. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर गेला असता. गाडी धावतानाच आला असता, तर मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगकडं बोट गेलं असतं. तीन वेळा पाय हलवला आणि कुठं बघायचं ते ठरलं.

[दृश्य: गाडीखाली. ड्रेन प्लगवर पाना.]

बेअरिंगची आणि आपली पहिली ओळख बहुतेकांची लहानपणीचीच. लाकडाचा एक पाट, त्याला मागं दोन आणि पुढं एक बाद बेअरिंग, आणि उताराची गल्ली. ती गाडी दगडी फरशीवरून जो आवाज करत यायची, तोच आवाज गाडीच्या पोटातून यायला लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो. मी ट्रकवाल्याच्या घरात वाढलो नाही, पण वडिलांचा एक टेम्पो होता. त्याच्यामुळं हा गोळा मला माहीत आहे. त्या टेम्पोची गोष्ट पुढं येईल.

प्लग सुटतो आणि जे बाहेर येतं ते तेल वाटतच नाही. गिअर ऑइल मधासारखं असावं, जुनं झालं तर काळपट. हे दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं आहे. मिस्त्री बोटावर थेंब घेतात, अंगठ्यानं चोळतात. मग मालकाकडं न बघताच विचारतात,

"मालक, गाडी पाण्यात हुती काय?"

मालक जरा थांबतात. "दोन रात्री. शेडमध्येच हुती. नदी एवढी चढंल असं वाटलं न्हाई."

"मग काय काय बदललं?"

"इंजिन ऑइल बदललं, डिझेलची टाकी उपसली, बॅटरी नवी टाकली."

गिअरबॉक्स राहून गेला. तो जवळजवळ सगळ्यांचाच राहतो. पंचगंगा आणि कृष्णा ज्या तालुक्यात एक होतात तिथल्या माणसाला पुराबद्दल काही शिकवायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावरच पाणी आलं होतं. त्या दोन्ही वर्षी मिस्त्रींच्या दारात अशा गाड्यांची रांग होती. इंजिनात पाणी गेलं की गाडी चालूच होत नाही, म्हणून माणूस इंजिन बघतो. गिअरबॉक्स असा अडून बसत नाही. तो पाणी पोटात घेऊन महिना-दीड महिना गपचूप चालतो.

पाणी आत जातं कुठून? गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक छोटं नाक असतं, ब्रीदर म्हणतात त्याला. आतलं तेल तापलं की हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट हवी, म्हणून ते. पूर आला की त्याच वाटेनं पाणी आत उतरतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं आणि तेलाला वर उचलतं. तेलात डुंबायला हवेत ते बेअरिंगमधले पोलादी छर्रे पाण्यात उभे राहतात. पुढं गाडी चालू झाली की गिअरचे दात तेल-पाणी दोघांना घुसळून ताक करतात.

मालकांना आता आठवतं. पूर ओसरल्यावर पहिल्या फेरीला गिअरबॉक्सच्या वरून तेल उडालं होतं. त्यांना वाटलं सील गेलं.

[दृश्य: ड्रेन प्लग जवळून. प्लगच्या टोकाला लोहचुंबक.]

प्लगच्या चुंबकावर काळी मऊ लव असते. तिची भीती नाही. दात एकमेकांवर घासतात, बारीक भुकटी पडायचीच. मिस्त्री ती लव कागदावर पुसून घेतात, कागद उजेडात तिरका धरतात. लवेत चमकणारे पापुद्रे आहेत, माशाच्या खवल्यासारखे. बोटांच्या चिमटीत टोचतात. खवले म्हणजे कुठली तरी कडक पोलादाची कातडी सोलली जातेय.

गिअरबॉक्स उतरवण्याचं दाखवण्यात वेळ घालवत नाही. जॅक, साखळी, चार माणसं आणि अर्धा दिवस.

[दृश्य: पत्र्याचे ट्रे. प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं: पुढचं, मागचं, ले-शाफ्ट पुढं, ले-शाफ्ट मागं.]

हे खडूचं लिखाण मला फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेक ठिकाणी बेअरिंगं निघतात, डब्यात पडतात आणि एकाच डिझेलात एकत्र धुतली जातात. मग कुठलं कुठं होतं, कुठली बाजू इंजिनाकडं होती, कुठला भाग खाली होता, सगळी माहिती त्या डिझेलबरोबर गटारात जाते. या गॅरेजात बेअरिंग निघायच्या आधी त्याच्या बाहेरच्या रिंगवर वरच्या बाजूला मार्करनं एक रेघ मारली जाते. ही रेघ पुढं कामाला येणार आहे.

धुण्याचीही रीत आहे. आधी वरचा चिखल एका डिझेलात काढायचा, मग दुसऱ्या स्वच्छ डिझेलात मऊ ब्रशनं. घाण निघेपर्यंत बेअरिंग फिरवायचं नाही, कारण आतला एक वाळूचा कण फिरताना रेसवर, म्हणजे छर्रे धावतात त्या रिंगेच्या खाचेवर, रेघ ओढतो, आणि मग ती रेघ आधीची की आपण पाडलेली ते कोण सांगणार?

शिकाऊ पोरगं हवेचा पाइप उचलतं. मिस्त्रींचा आवाज पहिल्यांदाच चढतो.

"आरं ए! फिरवायचं न्हाई हवेनं!"

"वाळवतोय मामा."

"दोन्ही रिंगा धर, मग मार."

गॅरेजात काम केलेल्या प्रत्येकाला हा मोह माहीत आहे. हवेच्या झोतावर बेअरिंग शीळ घालत फिरतं आणि ती शीळ ऐकायला छान वाटते. पण तेल नसलेलं बेअरिंग असं सुसाट फिरलं तर छर्रे रेसवर घसरतात, ओरखडे पडतात. आणि केज, म्हणजे छर्रे सारख्या अंतरावर धरणारी जाळी, जुनी असेल, तर ती फुटून छर्रा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. हातात धरलेलं चांगलं बेअरिंग दोन सेकंदात बाद करायचा आणि डोळा गमवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. पोरांनो, हे ऐकत असाल तर आजपासून बंद करा.

वाळलं की लगेच तेलाचे चार थेंब. उघड्या पोलादावर घामट बोट टेकलं तरी रात्रीत गंजाचा ठसा उमटतो.

[दृश्य: इनपुट शाफ्टचं बेअरिंग तळहातावर. बाजूवर कोरलेला आकडा.]

६३०८. हा आकडा वाचायला सोपा आहे. शेवटचे दोन अंक, शून्य आठ, गुणिले पाच. म्हणजे आतलं भोक ४० मिलिमीटरचं. सुरुवातीचा सहा म्हणजे एका ओळीचं, खोल खाचेचं बॉल बेअरिंग. मधला तीन त्याची ताकद सांगतो: याच भोकाचं ६२०८ याहून अंगानं लहान, वजन कमी पेलणारं. ६३०८ चा बाहेरचा व्यास ९० आणि रुंदी २३. आकड्यानंतर एक शेपूट असते ते मात्र लोक वाचत नाहीत. इथं लिहिलंय सी३. म्हणजे छर्रे आणि रिंगा यांच्यातली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. या मापाला साधी मोकळीक ६ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सी३ ची १५ ते ३३. माणसाचा केस याहून जाड असतो. शाफ्टवर घट्ट बसल्यावर आतली रिंग किंचित ताणली जाते, चालताना बाहेरच्या रिंगेपेक्षा जास्त तापते, आणि ती मोकळीक तिथं खर्ची पडते. दुकानात सी३ नाही म्हणून साधं घेऊन आलेलं बेअरिंग बसतं, फिरतं, आणि मग तापून आवळतं.

आता हाताची तपासणी. मिस्त्री आतल्या रिंगेत डाव्या हाताची दोन बोटं घालतात, बाहेरची रिंग उजव्या हातानं अगदी सावकाश फिरवतात. डोळे मिटलेले. वेगानं फिरवलं की सगळीच बेअरिंगं चांगली वाटतात. खड्डा कळतो तो सावकाश फिरवताना. वजन जरा एका अंगावर टाकून, मग उलटवून दुसऱ्या अंगावर.

टुक.

थोडं पुढं, टुक.

पोरगं बेअरिंग हातात घेऊन आडवं हलवतं आणि म्हणतं, "मामा, लई खेळ हाय." मिस्त्री शेल्फवरचं नवं, तेल लावलेलं बेअरिंग त्याच्या हातात देतात. तेही हलतं. खोल खाचेच्या बेअरिंगला आडव्या दिशेनं हालचाल असतेच, उभ्या मोकळिकीच्या कित्येक पट. निव्वळ हलतंय म्हणून बेअरिंग बाद होत नाही. तुलना करायला त्याच आकड्याचं नवं हाताशी असावं, त्याशिवाय हाताला अंदाज येत नाही.

[दृश्य: बेंच. छोटी ड्रिल. केजच्या रिव्हेटी.]

हे बेअरिंग जाणार हे ठरलं. आता ते भंगारात टाकून नवं आणलं की काम झालं, असं कुणीही म्हणेल. मिस्त्री मात्र ते उघडायला घेतात. बॉल बेअरिंग उघडतं हेच अनेकांना माहीत नसतं. केजच्या रिव्हेटींची डोकी ड्रिलनं काढायची, केज दोन भागांत सुटते. मग सगळे छर्रे बोटानं ढकलून एका बाजूला गोळा करायचे, जत्रेतल्या गर्दीसारखे. आतली रिंग रिकाम्या बाजूला सरकते आणि उचलून येते. कारखान्यात ते असंच, याच वाटेनं भरलेलं असतं.

आठ छर्रे पांढऱ्या फडक्यावर ठेवलेत. सहा आरशासारखे. दोघांवर करड्या रंगाचे पट्टे.

आठही एका मापाचे असणं हीच या वस्तूची खरी करामत. एक छर्रा जरा जरी मोठा निघाला तर सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीड्रिश फिशर यांनी कडक पोलादाच्या गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र केलं, तेव्हा कुठं बॉल बेअरिंग कारखान्यात शेकड्यानं बनू लागलं.

आता बाहेरची रिंग. मार्करची रेघ वर धरली. खालच्या बाजूला, खाचेच्या तळात, तीन डाग आहेत. मधला मोठा, तिथली कातडी उडून नखाएवढा खड्डा पडलाय. त्याच्या दोन्ही अंगांना दोन लहान, काळे, खरबरीत. मिस्त्री रिंगेत परत छर्रे मांडतात, सारख्या अंतरानं. प्रत्येक डागावर बरोबर एक छर्रा बसतो.

"हितं पाणी हुतं," ते बोट ठेवतात. "हे तीन पाण्यात उभं हुतं. वरचं पाच कोरडं."

मग ते मागचं, मेन शाफ्टचं बेअरिंग हातात घेतात. फिरवतात, भिंगातून बघतात. तिथं डाग नाहीत.

"मालक, शेडमधी गाडीचं नाक उताराला हुतं काय?"

मालक अवाक होऊन बघत राहतात. "व्हय. शेडची जमीन म्होरं उतरती हाय."

मी हे चित्रण करत होतो आणि त्या क्षणी कॅमेरा हलला, तो तसाच ठेवलाय. महिन्याभरापूर्वी ओसरलेल्या पाण्याची पातळी एका माणसानं ४० मिलिमीटर भोकाच्या रिंगेवरून वाचली.

[दृश्य: नुसती रिंग, जवळून. डागाच्या तळाचा खरबरीतपणा.]

आता वडिलांच्या टेम्पोची गोष्ट. त्याच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग एका गॅरेजात बदललं होतं, नवं, चांगल्या कंपनीचं. तीन आठवड्यांत तो टेम्पो असाच रडू लागला. वडील दुकानदाराशी भांडले, माल बनावट दिला म्हणून. ते बेअरिंग नंतर उघडलं तेव्हा त्यातही छर्‍यांच्या अंतरानं डाग होते, पण दोन्ही रिंगांवर, गोल भोवती. माल खरा होता. बसवणाऱ्यानं बाहेरच्या रिंगेवर हातोडा मारून आतली रिंग शाफ्टवर चढवली होती. प्रत्येक घाव छर्‍यांतून गेला आणि प्रत्येक छर्‍यानं आपला ठसा उमटवला. दुकानदाराची माफी मागायला वडील स्वतः गेले होते.

दोन्ही डाग सारख्याच अंतरावर, मग ओळखायचे कसे? भिंग लावा. घावाचा खळगा चकचकीत असतो, आणि कारखान्यात ग्राइंडिंग करताना पडलेल्या बारीक रेषा त्याच्या तळात तशाच दिसतात, कारण धातू दबलाय, झिजलेला नाही. पाण्याचा डाग खातो. त्याच्या तळात रेषा उरत नाहीत, खरबरीत काळं उरतं. तिसरा एक प्रकार आपल्याकडं बराच आढळतो. ट्रकच्या बॉडीला वेल्डिंग करताना अर्थिंगचा क्लँप कुठंही अडकवतात, करंट बेअरिंगातून वाट काढतो, आणि रेसवर सुई टोचल्यासारखी वितळलेली भोकं पडतात. निळा किंवा पिवळट रंग चढला असेल तर तेल कमी पडून पोलाद तापलंय. त्याचा कडकपणा गेलेला असू शकतो, दिसायला कितीही गुळगुळीत असो. प्रत्येक डागाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. या ट्रकला कारण न शोधता नवं बेअरिंग घातलं असतं, तर ते त्याच ताकात फिरलं असतं.

ले-शाफ्टची दोन्ही रोलर बेअरिंगं सगळ्यात खाली होती. त्यांच्यावर चर्चाच झाली नाही, गेली.

मागच्या बेअरिंगवर मात्र झाली. ते हाताला गुळगुळीत होतं, मालक म्हणाले राहू दे. पण मिस्त्रींच्या मनात एक गोष्ट अडकली होती. शाफ्टवरून उतरवताना त्याला पुलर लावावाच लागला नव्हता; ते हातानंच आलं. ऐकायला बरं वाटतं, पण आतली रिंग शाफ्टवर घट्टच हवी. त्यांनी शाफ्टची बैठक पुसली. आरशासारखी चकाकत होती. रिंग शाफ्टवर घसरत फिरत होती, त्याची ही पॉलिश. मायक्रोमीटर लावला: ३९.९६. असायला हवी ४० च्या एक-दोन शतांश वर. पाच-सहा शतांश मिलिमीटर झिजलेल्या शाफ्टवर कितीही महाग बेअरिंग बसवा, ते फिरणारच. शाफ्ट हार्ड क्रोम करून मापात ग्राइंडिंगला गेला, दोन दिवस गेले. मालकाचा चेहरा पडला, मिस्त्रींनी समजूत घातली नाही, फक्त मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला.

वजनाचाही प्रश्न निघाला. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. घनाचा हिशेब आहे हा. खालच्या गिअरमध्ये, ठासून भरलेल्या गाडीनं काढलेला प्रत्येक चढ या हिशेबात जातो.

[दृश्य: तेलाचं भांडं, त्यात जाळीवर ठेवलेलं नवं बेअरिंग. थर्मामीटर.]

बसवण्याचा दिवस. नवं बेअरिंग शेवटच्या क्षणापर्यंत कागदातच. तेल १०० अंशांच्या आसपास. १२० च्या वर कधीच नाही, आणि गॅसची ज्योत तर नाहीच. बेअरिंग भांड्याच्या तळाला टेकू नये म्हणून जाळी. भोक फुगून किती मोठं होतं? ४० मिलिमीटरला ७० अंश वाढले की साधारण ३४ मायक्रॉन. एवढ्यावर ते शाफ्टवर सर्रकन उतरतं आणि गार होताना स्वतःच आवळतं. कडेला टेकेपर्यंत मिस्त्री आतल्या रिंगेवर पाइपचा तुकडा दाबून धरतात. हातोडा बेंचवर पडून आहे.

गिअरबॉक्स दोनदा स्वस्त तेलानं धुतला, मग नवं तेल, लेव्हलच्या भोकातून ओघळ येईपर्यंत. हजार किलोमीटरला पुन्हा बदलायचं, कोपऱ्यात काही ओल राहिली असली तर ती निघून जावी म्हणून.

[दृश्य: केबिन. पाय क्लचवर.]

न्यूट्रल. पाय वर. पाय खाली. पाय वर. इंजिनाचाच काय तो आवाज. मग भरलेली गाडी वाघबीळच्या चढापर्यंत जाऊन आली. आल्या आल्या मिस्त्री खाली घुसले आणि पुढून-मागून गिअरबॉक्सला तळहात लावून आले. सारखाच गरम.

पोरानं आठही छर्रे खिशात घातले. मालकांनी ती बाहेरची रिंग मागून घेतली, तीन डागांची. फडक्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवली, पैसे मोजले, आणि गाडीत चढायच्या आधी परत फिरले.

"मिस्त्री, त्यो ब्रीदर कुठं असतो, दाखवा जरा."

दोघं गाडीखाली आडवे झाले. मिस्त्रींनी बॅटरीचा उजेड टाकला. मालकांनी हात लांबवून ते छोटं नाक बोटानं चाचपलं, आणि तिथून चाकापर्यंत वितीनं उंची मोजली.